वेग संपला, भावना कुठं आहे? : चौथऱ्यावरच्या हेलिकॉप्टरकडे कसं बघावं



आजचा विषय थोडा आडवाटेचा वाटेल. मोटारसायकल काढायची, सेवेतून बाहेर पडलेली लष्करी हेलिकॉप्टरं जिथं मांडून ठेवली आहेत तिथवर जायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि परत यायचं, असा छंद असलेली काही मुलंमुली आपल्या भागात आहेत. कुणी बोईसरच्या कारखान्यात पाळीवर काम करतं, कुणी पालघरच्या सरकारी कचेरीत. आम्ही तिघे निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेले, त्यांच्या नादानं यात ओढले गेलो. आमच्यातला एकच जण गाडी चालवतो. उरलेले दोघे कुणाच्या ना कुणाच्या मागच्या सीटवर. पण बघणं तिघांचं आणि वाद घालणंही तिघांचं. त्या वादांतून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवायचं आहे.

प्रश्न सरळ आहे. हे जे आपण बघायला जातो, ते नेमकं काय आहे? इंजीन बंद. टाकीत इंधन नाही. पंख्याची पाती एक तर दोरानं बांधलेली, नाही तर काढून ठेवलेली. आतली यंत्रं बहुधा उतरवून घेतलेली. मग उरलं काय? पत्र्याचं टरफल? आणि टरफल बघायला माणूस सातशे किलोमीटर का जातो?

हा प्रश्न आपल्या तालुक्यात बसून विचारण्यात एक गंमत आहे. आपल्या शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. त्याची पहिली दोन युनिटं १९६९ साली सुरू झाली, भारतातली पहिली अणुवीज तिथं तयार झाली. इतकं मोठं यंत्र आपल्या उशाशी आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी ते आतून पाहिलेलं नाही आणि त्याचा फोटो काढायला कुणी गेलं तर पहारेकरी हटकतो. ते बरोबरच आहे. प्रतिबंधित क्षेत्राचा फोटो काढणं हा १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो. म्हणजे बघा, जे यंत्र काम करतंय ते आपल्याला दिसत नाही आणि जे दिसतं, ज्याला हात लावता येतो, ते काम करत नाही. लष्करी यंत्र सामान्य माणसाच्या वाट्याला येतं ते बहुधा काम संपल्यावरच.

आता काम संपलेल्या वस्तूला तिच्या जुन्या नावानं हाक मारावी का? ॲरिस्टॉटल म्हणतो की दगडात कोरलेला डोळा हा नावापुरता डोळा, कारण डोळ्याचं डोळेपण बघण्यात आहे. आपल्याकडं सातव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मकीर्ती त्याहून कडक आहे. त्याच्या मते जे काही कार्य घडवू शकतं तेवढंच खरं अस्तित्वात आहे. याला ‘अर्थक्रिया’ म्हणतात. जे पाणी तहान भागवत नाही ते मृगजळ. या हिशेबानं न उडणारं हेलिकॉप्टर हे हेलिकॉप्टर नव्हेच. आमच्यातल्या एकाचं हेच म्हणणं होतं. तो म्हणाला, "अरे, भंगार ते भंगार. फक्त रंग दिलेला आहे."

पण दुसऱ्यानं वैशेषिकांचा आधार काढला आणि तिथून वाद रंगला. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला आहे. आपण संस्कार म्हटलं की मुंज, लग्न किंवा घरचं वळण समजतो. वैशेषिकांचा अर्थ वेगळा आहे. प्रशस्तपाद हा त्यांचा मोठा भाष्यकार संस्काराचे तीन प्रकार सांगतो: वेग, स्थितिस्थापक आणि भावना. वेग म्हणजे चालत्या वस्तूत साठलेली गती, जिच्यामुळं सोडलेला बाण पुढं जात राहतो. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की जागेवर येते तो गुण. आणि भावना म्हणजे अनुभवानं मनात उमटलेला ठसा, ज्याच्यातून पुढं स्मरण जागं होतं. या तीन शब्दांच्या मदतीनं चौथऱ्यावरचं हेलिकॉप्टर फार चांगलं वाचता येतं, असं आमचं मत झालं आहे. एकेक घेऊ.

पहिला वेग. त्यासाठी आपल्याला गोव्याला जावं लागेल. पालघरहून हेलिकॉप्टरं बघायला निघायचं तर आमच्या मते सगळ्यात भरघोस ठिकाण म्हणजे वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर असलेलं नौदलाचं विमानविद्या संग्रहालय. १९९८ साली ते सुरू झालं. विमानं पुष्कळ आहेत, पण आपल्याला हवी ती हेलिकॉप्टरं चार जातीची: ह्यूजेस ३००, चेतक, सी किंग आणि कामोव्ह २५. मोटारसायकलवाल्यानं ती याच क्रमानं बघावीत.

ह्यूजेस ३०० हे सगळ्यात लहान. शिकाऊ वैमानिकांसाठीचं. त्याच्यात चार सिलिंडरचं पेट्रोल इंजीन असतं, म्हणजे आपल्या ओळखीतलं. आणि इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत जाते ती रबरी पट्ट्यांवरून. गिरणीत पट्टा बघितलेला माणूस तिथं उभा राहिला की खुदकन हसतो. हे उडतं ते आपल्यासारख्याच यंत्रावर, असं त्याला वाटतं.

मग चेतक. आमच्या पिढीला चेतक म्हटलं की बजाजची स्कूटर आठवते, ती १९७२ ची. हेलिकॉप्टर तिच्या आधीचं. मूळ फ्रान्सचं अलुएत ३, पहिलं उड्डाण १९५९ सालचं. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं परवाना घेऊन ते बनवायला घेतलं आणि १९६५ साली इथं जुळवलेलं पहिलं यंत्र उडालं. पुढं तीनशेहून जास्त बनली. तीन पाती, तीन चाकं, एक टर्बाईन इंजीन, वैमानिक धरून सात माणसं. समोरची काच बघा, मोठ्या फुग्यासारखी आहे. वैमानिकाला खाली पायाशीसुद्धा दिसावं म्हणून ती तशी आहे.

इथं मुलं विचारतात की शेपटीला तो छोटा उभा पंखा कशाला? मोटारसायकल चालवणाऱ्याला हे समजावणं सोपं जातं. इंजीन आतलं चाक एका दिशेनं फिरवतं तेव्हा बाकीचं धूड उलट दिशेला फिरू बघतं. हेलिकॉप्टरला तर हवेत टेकायला जमीनही नाही. वरचा पंखा एकीकडं फिरला की खालचं धड दुसरीकडं गरगरा फिरेल. ते धरून ठेवायला शेपटीचा पंखा बाजूला हवा ढकलतो. रशियन कामोव्ह २५ ला असा पंखा नाही. तिथं एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे आहेत, एक डावीकडं फिरतो, एक उजवीकडं. दोघांचा पीळ एकमेकांना मारतो. शेपूट आखूड झाली, आणि युद्धनौकेवर जागा कमी असते तिथं ते सोयीचं ठरलं. सोव्हिएत बांधणीच्या राजपूत वर्गाच्या विनाशिकांबरोबर हे हेलिकॉप्टर ऐंशीच्या दशकात आपल्या नौदलात वावरलं. आणि सी किंग, ते थोराड. दोन इंजिनं, पाच पाती, पोट होडीसारखं. पाण्यावर अधांतरी थांबून तारेला बांधलेलं श्रवणयंत्र समुद्रात सोडायचं, पाणबुडीचा आवाज टिपायचा आणि पाणतीर टाकायचा, हे त्याचं मुख्य काम.

वेगाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. इंजीन हवेत बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असा आपला समज असतो. तसं नाही. वैमानिक लगेच पात्यांचा कोन उतरवतो, खाली येताना वारा खालून वर जातो आणि पंखा भिंगरीसारखा फिरत राहतो. जमीन जवळ आली की कोन पुन्हा वाढवायचा. पंख्यात साठलेला वेग तेवढ्यापुरता खर्च होतो आणि यंत्र टेकतं. ही संधी एकदाच मिळते. प्रशस्तपादाचा वेग हा संस्कार इथं माणसाचा जीव वाचवतो, असं आम्ही वर्गात सांगितलं असतं तर पोरं झोपली नसती.

आता दुसरा, स्थितिस्थापक. उभ्या हेलिकॉप्टरची पाती खाली लवलेली असतात. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं म्हातारं झालं. वास्तविक नवं कोरं यंत्रसुद्धा उभं असताना असंच दिसतं. पातं लांब आणि लवचीक असतं, आपल्या वजनानं झुकतं. फिरायला लागलं की बाहेरच्या बाजूला ओढलं जाऊन ताठ होतं. म्हणून संग्रहालयातल्या फोटोत लवलेली पाती दिसली तर तो फोटो बिघडला असं समजू नका. ती विश्रांतीची खूण आहे.

पण प्रत्येक वाकलेली गोष्ट परत येत नाही. आपण समुद्रकाठची माणसं. खारी हवा धातूचं काय करते, ते सातपाटीच्या कुठल्याही बोटवाल्याला विचारा. हेलिकॉप्टरचा पत्रा बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल गेली की एक धातू दुसऱ्याला खाऊ लागतो. सेवेत असताना रोज धुणं-पुसणं असतं. चौथऱ्यावर गेल्यावर कोण धुणार? आम्ही एका ठिकाणी, नाव घेत नाही, एक यंत्र असं पाहिलं की दाराची काच फुटलेली, आत कबुतरांची विष्ठा, आणि माहितीची पाटी गायब. बाजूला नवरा-बायको आणि लहान मुलगी उभी होती. मुलीनं विचारलं, "बाबा, हे कशाचं आहे?" बाबा म्हणाले, "मिलिटरीचं." पुढं काही त्यांना सांगता येईना, आणि यंत्र तर काही सांगतच नव्हतं.

त्या मुलीच्या प्रश्नापाशी आपण तिसऱ्या संस्कारावर येतो. भावना. वैशेषिकांचा इथला मुद्दा अगदी नेमका आहे. वेग आणि स्थितिस्थापक हे जड वस्तूंत राहतात. भावना मात्र जड वस्तूत राहूच शकत नाही, ती फक्त आत्म्यात, जाणणाऱ्यात राहते. म्हणजे हेलिकॉप्टरला काहीही आठवत नाही. आपण सहज म्हणतो, "या यंत्रानं युद्ध पाहिलंय." त्यानं काही पाहिलेलं नाही. पाहिलं ते वैमानिकानं, तंत्रज्ञानं, स्ट्रेचरवरून नेलेल्या जवानानं. नैयायिक एक शब्द वापरतात, ‘उद्बोधक’. आत दडलेला ठसा जागा करणारी वस्तू. कैरीचा वास आला की आजीचा अंगण आठवतं. वास हा उद्बोधक. पण ज्याच्या मनात आजीच्या अंगणाचा ठसाच नाही, त्याला कैरीचा वास म्हणजे फक्त कैरीचा वास. चौथऱ्यावरचं हेलिकॉप्टर असाच उद्बोधक आहे. बघणाऱ्यापाशी ठसा असेल तर ते बोलतं, नसेल तर पत्रा.

हे ताडून बघायचं तर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात एमआय-४ हे जुनं रशियन हेलिकॉप्टर आहे. बेढब, नाकाशी इंजीन, वर वैमानिकाची खोली. न जाणता बघितलं तर माणूस दोन मिनिटांत पुढं सरकेल. पण डिसेंबर १९७१ मध्ये, मेघना नदीवरचा पूल उडवून दिलेला असताना, लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या कोअरमधले जवान याच जातीच्या हेलिकॉप्टरांनी नदीपार नेले, फेऱ्यांमागून फेऱ्या करत, रात्रीसुद्धा. आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. हे माहीत असलेला माणूस त्या बेढब पोटाकडं बघून मनात मोजू लागतो, एका फेरीत किती माणसं मावली असतील? तेच यंत्र, तोच पत्रा. फरक बघणाऱ्यात पडला.

मग हा ठसा पडतो कसा? प्रशस्तपाद तीन वाटा सांगतो. एक, पटु म्हणजे ठसठशीत अनुभव, एकदाच पण जोरकस. दोन, अभ्यास म्हणजे पुन्हापुन्हा. तीन, आदर म्हणजे मुद्दाम लक्ष देऊन, आस्थेनं बघणं. आपल्या जिल्ह्यातल्या दोन उदाहरणांवर हे तपासून बघू.

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. गॅल कन्स्ट्रक्टर नावाचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि आपल्या वडराईच्या किनाऱ्यासमोर खडकांत रुतला. त्याच्यावर १३७ माणसं. त्या सगळ्यांना वाचवण्यात आलं. त्या कामात जहाजं होती आणि तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरंही होती. म्हणजे ज्या जातीचं यंत्र गोव्यात संग्रहालयात मांडून ठेवलेलं आहे, त्याच जातीचं यंत्र आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी माणसं उचलत होतं. एकाच वेळी इतिहास आणि नोकरीत! केळवे-माहीम-वडराईच्या ज्या माणसांनी ते पाहिलं, त्यांच्या मनात चेतकचा ठसा पटु पडला. त्यांना गोव्याच्या संग्रहालयात कुणी पाटी वाचून दाखवायची गरज नाही.

दुसरं उदाहरण हेलिकॉप्टरचं नाही, पण स्मारकाचं आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. तिथं हेलिकॉप्टर नाही, रणगाडा नाही, एक साधा स्तंभ आहे. तरी तो मुका नाही. कारण दर वर्षी १४ ऑगस्टला माणसं तिथं जमतात, शाळेची मुलं येतात, पाच नावं उच्चारली जातात. हा अभ्यास. ऐंशी वर्षं होऊन गेली, गोळीबार डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आज सापडणं कठीण, पण ठसा पुसलेला नाही. दगडानं तो टिकवलेला नाही. टिकवला आहे दर वर्षी येणाऱ्या पावलांनी.

आणि अभ्यास नसेल तर काय होतं, तेही सांगायला हवं. विमानवाहू विक्रांत १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली. २००१ पासून २०१२ पर्यंत ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्यावर विमानंही होती, हेलिकॉप्टरंही. विमान उडताना किंवा उतरताना समुद्रात पडलं तर वैमानिकाला उचलायला शेजारी हवेत थांबलेलं हेलिकॉप्टर तिच्यावर असे. ते काम अलुएत आणि चेतक करत. नौदलाच्या त्या तुकडीचं नावच मुळी ‘एंजल्स’. पण जहाज जुनं, तळ गंजत चाललेला, खर्च मोठा. संग्रहालय बंद झालं, २०१४ साली जहाज भंगारात विकलं गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर ते तोडलं. २०१६ मध्ये बजाजनं त्या पोलादाचा अंश टाकीत वापरून ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. म्हणजे आपल्यातल्या कुणाकुणाच्या मांडीखाली विक्रांतचा कण आहे! आमच्या अर्थक्रियावाल्या मित्राला हे फार आवडलं. तो म्हणाला, "बघा, पोलाद पुन्हा कामाला लागलं." आम्ही त्याला विचारलं, टाकीकडं बघून समुद्र कुणाला आठवतो? पेट्रोल किती उरलं, तेच आठवतं. त्यावर तो म्हणाला, ज्याला ठाऊक आहे त्याला आठवतो. इथं तो आमच्या बाजूला आला, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

तिसरी वाट आदराची, आणि मोटारसायकलीचा संबंध इथं येतो. विमानानं गोवा तासाभराचा. मोटारसायकलीनं दोन दिवसांचा. चिल्हार फाट्याला हमरस्त्याला लागायचं, घोडबंदर-ठाणे करत पनवेल गाठायचं, मग कोकणातून खाली. दुचाकीवाल्याला सगळे रस्ते खुले नसतात हे लक्षात ठेवा: मुंबईचा सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सगळीकडं आपल्याला बंदी. त्यामुळं आपण जुन्या वाटांनी, घाटांतून, गावांतून जातो. ऊन लागतं, पाठ दुखते, वाऱ्याचा रेटा छातीवर बसतो. वळणावर गाडी कलती करताना वजन आणि वेग यांचं नातं अंगाला कळतं. एवढं करून पोचलेला माणूस त्या यंत्रापुढं दोन मिनिटांत हलत नाही. त्याचं शरीर आधीच लक्ष देण्याच्या तयारीत असतं. आदर म्हणजे हात जोडणं असंच नाही, वेळ आणि कष्ट मोजणं हाही आदरच.

पण म्हणून जिवावर उदार होऊ नका. मनोर ते चारोटी हा पट्टा आणि त्यावरची अवजड वाहतूक तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीची गाडी नको, हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा, तीन तासांनी उतरून चहा. स्मारक बघायला निघालेल्यानं स्वतःची तसबीर भिंतीवर लावून घेऊ नये, एवढंच सांगणं.

फोटोबद्दल दोन शब्द. आमच्या बरोबरची मुलं पहिला फोटो काढतात तो गाडी पुढं आणि हेलिकॉप्टर मागं असा. काढा, त्यात वाईट काही नाही. पण नंतर यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारा. सकाळचं किंवा उतरतं ऊन घ्या, भर दुपारी पोटाखाली नुसता काळोख येतो. पंख्याचा मधला सांधा जवळून टिपा, सगळी करामत तिथं आहे. शेपटीवरचा क्रमांक टिपा, कारण त्या क्रमांकावरून एका ठरावीक यंत्राचा शोध पुढं घेता येतो. पाटीचा फोटो घ्या. पाटी नसेल तर नसल्याचा घ्या. वर चढू नका. पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, ड्रोन तर नाहीच. आणि त्याच रात्री चार ओळी लिहा: जात कोणती, कुठं आहे, काय काम करत असे, आपल्याला काय कळलं नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत उपयोगी, कारण पुढच्या वेळचा प्रश्न तिथं तयार होतो.

आता एक अवघड गोष्ट. हे सगळं शस्त्र आहे. सी किंग पाणबुडी बुडवायला बनलं. पाणबुडीतही माणसं असतात. आमच्यातला तिसरा मित्र या सफरींना येतो, पण चौकात लष्करी यंत्र उभं करायला त्याचा विरोध आहे. त्याचं म्हणणं, रंगवलेलं शस्त्र बघत वाढलेल्या पोराला युद्ध म्हणजे शोभेची वस्तू वाटते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पाटीवर फक्त कमाल वेग आणि वजन लिहिलेलं असेल तर तो खराच आहे. त्यावर उपाय यंत्र हलवण्यात नाही, पाटी पुरी करण्यात आहे. कोण उडवत होतं, कुणाला आणलं, कुणाला आणता आलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. हेलिकॉप्टरच्या बाबतीत हे जास्त शक्य आहे, कारण हे यंत्र मारायलाही जातं आणि वाचवायलाही. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. वडराईसमोर हेलिकॉप्टरनं माणसं वर घेतली. दोन्ही चित्रं एकाच पाटीवर मावली पाहिजेत.

शेवटी तुमच्या मनातला प्रश्न. आपल्या पालघरला, बोईसरच्या एखाद्या चौकात, असं एखादं हेलिकॉप्टर आणावं का? सैन्यदलं निवृत्त यंत्रं संस्थांना, शहरांना देतात. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मिग-२३ विमान आहेच. मागायला हरकत नाही. पण प्रशस्तपादाच्या तीन कसोट्या आधी स्वतःला लावा. पटु: या जागेशी नातं असलेलं यंत्र मागा. आपल्या किनाऱ्याला चेतक शोभेल, कारण त्यानं इथं माणसं उचलली आहेत. अभ्यास: वर्षातला एक दिवस ठरवा आणि दर वर्षीचं धुणं, रंग, बोल्ट बदलणं याचे पैसे आधी बाजूला काढा. समारंभाचा खर्च एकदाचा असतो, खारी हवा रोजची. आदर: मराठीत पुरी पाटी आणि शाळेच्या मुलांना ती समजावून सांगणारं एक तरी माणूस. या तिन्हीची तयारी नसेल तर यंत्र मागू नका. जिथं ते नीट ठेवलं आहे तिथं आपणच जाऊ, गाड्या आहेत.

आणि तयारी असेल, तर पाटीचा मजकूर आजपासून लिहायला घ्या. त्या तराफ्यावरून सुटलेली माणसं, त्यांना पाहिलेले वडराईचे मच्छीमार अजून आहेत. त्यांचं सांगणं उतरवून घ्यायला हेलिकॉप्टर येईपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या रविवारी केळव्याला गाडी काढली तरी पुरे.

आता प्रश्न विचारा.